किल्ली कधी दाखवायची

रफ कट, म्हणजे चित्रपटाचं कच्चं संकलन, पाहायला पाठवताना विद्यार्थी सोबत एक माफीनामा जोडतातच. साउंड झालेला नाही, ग्रेडिंग बाकी आहे, म्युझिक तात्पुरतं आहे, शेवटचा सीन अजून बसत नाहीये, आणि दुसऱ्या सीनमध्ये वर बूम, म्हणजे माइकचा दांडा, दिसतो तिकडे प्लीज लक्ष देऊ नका. यातल्या बहुतेक गोष्टींशी मला त्या टप्प्यावर काही देणंघेणं नसतं. तरी माफीनामा मी नीट वाचते, कारण मुलं कशाबद्दल माफी मागत नाहीत तेही त्यात दिसतं. या वेळच्या निरोपात कथेबद्दल एक अक्षर नव्हतं. कथा पक्की आहे, असं दोघांनी धरूनच ठेवलं होतं.

दोघं म्हणजे दिग्दर्शक मुलगा आणि संकलक मुलगी. दोघंही शिकतायत आणि हा त्यांचा अभ्यासक्रमातला लघुपट. मी संकलनाचं काम करते, अधूनमधून असे कट पाहून देते. निरोपाच्या शेवटी मुलीने लिहिलं होतं, ‘ताई, खरं काय ते सांगा.’ हे वाक्य सगळेच लिहितात. त्यातलं किती खरं सांगितलेलं चालेल, हे समोर बसल्यावर कळतं.

फाइल उघडण्याआधी मी उलट काही प्रश्न पाठवले. पुन्हा शूट करता येईल का? लांबीचं बंधन आहे का? कलाकार डबिंगला येऊ शकतील का? पिक्चर लॉक, म्हणजे चित्राचं संकलन कायम, कधी करायचंय? हे माहीत नसताना शेरे देणं म्हणजे हवेत बोलणं. शूट शक्य नसेल तर ‘इथे एक क्लोजअप हवा होता’ या वाक्याचा उपयोग फक्त समोरच्याला वाईट वाटण्यापुरता. उत्तर आलं: जिना आता मिळणार नाही, शूट संपलं, पण म्हातारे नट डबिंगला यायला तयार आहेत. लांबी सध्या १८ मिनिटं ४० सेकंद आहे आणि १५ च्या आत आणायची आहे, तीही श्रेयनामावलीसकट. हा आकडा त्यांनी कान चित्रपट महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेवरून घेतला होता. ऑस्करला लघुपट ४० मिनिटांपर्यंत चालतो, कानला १५. कानचं पुढचं पुढे बघू, पण १५ चा आकडा मला आवडला. लांबीचं बंधन असलं की संकलनाच्या टेबलावरची भांडणं लवकर मिटतात.

पटकथा त्यांनी न मागता पाठवली होती. ती मी उघडली नाही. प्रेक्षकाच्या हातात पटकथा नसते, आणि एकदा का ती वाचली की पडद्यावर नसलेलं दिसायला लागतं. डोकं आपसूक गाळलेल्या जागा भरतं आणि कट चालतोय असं वाटतं. दिग्दर्शक आणि संकलक नेमके याच आजाराने अंध झालेले असतात. तिसऱ्या माणसाने तो आजार मुद्दाम ओढवून घेण्यात काय हशील?

पहिलं पाहणं मी न थांबता करते. पूर्ण स्क्रीन, फोन दुसऱ्या खोलीत, हातात पेन नाही. टाइमकोड, म्हणजे चालू वेळेचा आकडा, कोपऱ्यात जळत असतो त्याच्यावर कागदाचा तुकडा चिकटवते, नाहीतर लक्ष तिकडे जातं आणि ‘अजून नऊच मिनिटं झाली?’ हे आपल्याला चित्रपटाने नव्हे, घड्याळाने सांगितलेलं असतं. संपलं की लगेच आठवेल तसं लिहून काढते, क्रमाने. जे आठवत नाही ते सर्वांत उपयोगी.

चित्रपट असा होता. एक मुलगी रात्री एका इमारतीचा जिना चढते. दारापाशी येऊन बॅगेत हात घालते, शोधते, हात बाहेर काढते आणि पायरीवर बसते. वरच्या मजल्यावरचे एक आजोबा डोकावतात. “किल्ली विसरलीस?” ती मान हलवते. आजोबा दोन-चार पायऱ्या उतरून येतात आणि तिच्याशी गप्पा मारत उभे राहतात. जिन्यातला दिवा टायमरवर आहे, तो मध्येच विझतो, आजोबा दर वेळी जाऊन बटण दाबतात. बोलण्यातून हळूहळू कळतं की हे घर तिच्या आईचं. आई आता नाही. किल्लीवाल्याला बोलावू का, म्हणून आजोबा विचारतात, ती नको म्हणते. शेवटी आजोबा वर जातात. मुलगी एकटी उरते, बॅगेतून किल्ली काढते आणि दार उघडते. किल्ली सुरुवातीपासून तिच्याकडेच होती.

कल्पना चांगली आहे. साधी आहे आणि विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे: दोन माणसं, एक जिना, एक दिवा. पण आठवणीतून लिहायला बसले तेव्हा जिन्यावरचा लांब शॉट आठवला, दिवा विझणं आठवलं, किल्ली आठवली, आणि मधली गप्पांची सगळी पट्टी गायब. आजोबा कशावर तरी बराच वेळ बोलत होते. रेडिओवर बहुधा. रेडिओ कुणाचा, ते सांगता येईना.

मग टाइमकोडवरचा कागद काढून पुन्हा पाहायला घेतलं. या वेळी वही. वहीचं पान मी मधोमध दुमडते. डावीकडे वेळ आणि मला त्या क्षणी काय माहीत झालं. उजवीकडे मला काय वाटलं. ‘चांगलं’, ‘वाईट’, ‘हे इकडे हलवा’ असलं काही लिहायचं नाही, ते नंतर. ०१:५० – दार तिच्या घराचं आहे असं वाटतंय. ०३:०५ – किल्ली विसरली. ०५:२० – आजोबा तिला लहानपणापासून ओळखतात. ०९:०० – दिवा गेला, आता काहीतरी होईल. ०९:०८ – काही झालं नाही. १०:४० – आई वारली आहे. १७:५० – किल्ली होती!

हे डावं पान एकदा भरलं की निम्मं काम होतं. ०५:२० आणि १०:४० यांच्यामध्ये सव्वापाच मिनिटं मला नवीन काहीही कळलेलं नव्हतं. आणि उजव्या पानावर ०६:२० पासून ०८:५० पर्यंत एकच शब्द रेघ मारून खाली ओढलेला होता: रेंगाळतंय.

इथे मोह होतो तो कात्री चालवायचा. रेडिओची गप्पा काढून टाका, अडीच मिनिटं वाचतात, १५ चा आकडाही जवळ येतो. सोपं आहे आणि बरेचदा चुकीचं असतं. प्रेक्षकाला कंटाळा जिथे येतो तिथे बिघाड असेलच असं नाही; बहुतेकदा तो आधी कुठेतरी झालेला असतो. आजोबांची गप्पा तशी छान लिहिली होती. बिघडलेला रेडिओ दुरुस्त करून घ्यायला मुलीची आई दर वेळी वर यायची, आणि आजोबा मुद्दाम एखादी तार सैल ठेवायचे म्हणजे तिला पुन्हा यावं लागेल. नटही चांगला होता. मग माझं मन का लागत नव्हतं? कारण त्या वेळी माझ्या मनात कसलाच प्रश्न नव्हता. मुलगी किल्ली विसरली, म्हातारा गप्पा मारतोय, कुणीतरी येईल, दार उघडेल. वाट पाहण्यासारखं हातात काही नसताना चांगलं संभाषणही नुसतं संभाषण राहतं.

हे लक्षात आलं, पण नेमकं काय बदलावं ते दिसत नव्हतं. तसंच सोडून मी आवाज बंद करून पाहायला घेतलं.

आवाज बंद केला की कट उघडे पडतात. इथे सगळे कट वाक्य संपलं की होते. आजोबांचं वाक्य, आजोबा. मुलीचं वाक्य, मुलगी. टेबल टेनिसचा सामना पाहताना मान जशी हलते तसं. बोलणाऱ्याचं तोंड दाखवलंच पाहिजे असं नवीन संकलकाला वाटतं, कारण टाइमलाइनवर तुकडे तसेच लावलेले असतात. असेंब्लीत, म्हणजे तुकडे नुसते क्रमाने लावलेल्या पहिल्या जुळणीत, ते ठीक आहे. रफ कटपर्यंत आजोबांचा आवाज मुलीच्या चेहऱ्यावर चढायला हवा होता. रेडिओची तार सैल ठेवल्याचं ऐकताना मुलीचं काय होतंय, ते आम्हाला एकदाही दिसत नव्हतं. त्या मुलीचे क्लोजअप चांगले होते हे दोनच ठिकाणी कळत होतं, बाकी ते रशेसमध्ये, म्हणजे शूटच्या कच्च्या फुटेजमध्ये, पडून असणार.

आणखी एक दिसलं. आजोबा वर उभे, मुलगी खाली बसलेली, तरी दोघांच्या क्लोजअपमध्ये दोघंही पडद्याच्या डावीकडेच पाहत होते. कॅमेरा कुठल्या तरी सेटअपला रेषेच्या पलीकडे गेला होता. बोलणाऱ्या दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, हा १८० अंशांचा नियम मोडला होता. पण मला पहिल्यांदा पाहताना ते खटकलं नव्हतं, कारण एकाची नजर वर आणि एकाची खाली असल्याने कोण कुणाशी बोलतंय ते कळत होतं. म्हणून वहीत बारीक अक्षरात लिहिलं. संकलक मुलीला मात्र याच्याच काळजीने झोप लागत नव्हती असं नंतर कळलं. याची, आणि बॅगेचा पट्टा एका शॉटमध्ये उजव्या खांद्यावर व दुसऱ्यात डाव्या खांद्यावर आहे याची.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने चांगल्या कटचे सहा निकष उतरंडीने लावले आहेत आणि अर्ध्या थट्टेने त्यांना टक्केही दिले आहेत: भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट प्रतलातल्या रेषांना ५, आणि प्रत्यक्ष अवकाशातल्या सलगतेला ४. आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही, उतरंड महत्त्वाची. बॅगेचा पट्टा त्या शेवटच्या ४ मधला. पण विद्यार्थी पट्ट्यासाठी आजोबांचा उत्तम टेक टाकून देतात आणि मध्यम टेक घेतात, कारण पट्ट्याची चूक बोट ठेवून दाखवता येते, भावनेची येत नाही. इथेही तसंच झालं असावं असा मला संशय होता, आणि तो खरा निघाला.

आवाज बंद करून झालं की मी चित्र बंद करते. स्क्रीनकडे पाठ, कानाला हेडफोन. हे पाहणं, म्हणजे ऐकणं, बहुतेक जण टाळतात. रफ कटमध्ये साउंड झालेला नसतो, मग ऐकायचं काय, असं त्यांना वाटतं. ऐकायला भरपूर असतं. प्रत्येक कटला जिन्याचा गुंजारव बदलत होता, म्हणजे रूम टोन (कुणी बोलत नसताना त्या जागेचा आवाज) घेतलेला नव्हता किंवा लावलेला नव्हता. (घेतलेला नव्हता. शूटवर सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करणं फार अवघड जातं, विशेषतः पॅकअपच्या वेळी.) तात्पुरता पियानो मात्र जवळजवळ सगळीकडे होता. दार दिसलं की पियानो, आई म्हटलं की पियानो. तात्पुरतं संगीत लावायला माझी ना नाही, पण ते इतकं सराईतपणे सगळं सांभाळून घेतं की खाली सीन उभा आहे की नाही तेच कळत नाही. आणि महिनाभर तेच ऐकल्यावर संगीतकाराने नवीन काहीही केलं तरी मुलांना ते फिकं वाटतं. मी वहीत लिहिलं: पुढचा कट पियानोशिवाय पाठवा.

आणि मग ०४:१२ ला किल्ल्या वाजल्या.

मी वळून पाहिलं. मुलगी बॅग खांद्यावरून उतरवून पायरीवर ठेवते तो शॉट. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. बॅग दगडी पायरीवर टेकते आणि आत धातूचा स्पष्ट खुळखुळाट होतो. चित्र समोर असताना मी तो ऐकला नव्हता, कारण त्याच वेळी आजोबा बोलायला लागतात आणि पियानोही असतो. पण एकदा ऐकल्यावर तो कानातून जाईना.

मी तिथूनच पुढे चित्रासकट पाहायला लागले, आता मला माहीत होतं असं धरून. आणि तो दुसराच चित्रपट झाला. किल्ली जवळ असून ती बसली आहे. आजोबा रेडिओबद्दल बोलतायत आणि ती आत न जाण्यासाठी ते ऐकते आहे. आईचं नाव निघतं तेव्हा तिची नजर दाराकडे जाते, तिचा अर्थ आत्ता लागत होता. दिवा विझतो आणि अंधारात काही सेकंद काही होत नाही, तेव्हा मला वाटलं, ती आत्ता उठेल. ‘किल्लीवाल्याला बोलावू का?’ या प्रश्नाशी तर मी खुर्चीत सरसावून बसले. पहिल्या वेळी ते वाक्य नुसतं सोयीचं वाटलं होतं. रेंगाळणारी अडीच मिनिटं तीच होती, त्यातली एक फ्रेमही हललेली नव्हती.

एवढं झाल्यावर मी वही मिटली. आता प्रश्न हा होता की हे त्यांना कसं सांगायचं.

शेवटचा धक्का काढून टाका, असं थेट म्हणणं सोपं होतं. पण तो धक्का हेच त्या मुलाचं चित्रपटामागचं कारण असू शकतं. मूल्यमापन करणारा स्वतःच्या डोक्यातला चित्रपट दुसऱ्याकडून करून घेऊ लागला की ते काम बिघडतं. माझा एक साधा नियम आहे: मला काय झालं ते मी सांगते, काय करावं ते विचारलं तर सांगते. आणि भेटीच्या सुरुवातीला दोघांनी काहीही समजावून सांगायचं नाही. आधी मी चित्रपट सांगते, मला दिसला तसा, डाव्या पानावरून वाचत. त्यांचा हेतू आणि माझं दिसणं यातली फट त्यांना आपसूक ऐकू येते.

त्याप्रमाणे भेटलो. मी वाचत गेले. रेडिओ कुणाचा ते कळलं नाही, म्हटल्यावर दिग्दर्शक खुर्चीत हलला. “अहो ताई, ती स्पष्ट म्हणते ना, आईचा म्हणून!” म्हणते ती. ०६:४० ला, पियानोच्या खाली, पाठमोरी. संकलक मुलगी काही बोलली नाही, पण तिने वहीत लिहून घेतलं.

पहिला खटका जिन्याच्या शॉटवर उडाला. मुलगी तीन मजले चढते तो सलग शॉट, पन्नास सेकंदांचा. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यानंतर मला नवीन काही मिळत नाही. त्याचा चेहरा पडला. त्या शॉटसाठी अख्खी रात्र गेली होती, छायालेखक कॅमेरा घेऊन उलटा जिना चढला होता, एकदा पडलाही होता. हे सगळं मला ऐकावं लागलं, आणि ऐकायलाच हवं. पण छायालेखक पडला हे पडद्यावर दिसत नाही. मुलगी हळूच म्हणाली, “माझ्याकडे एक व्हर्जन आहे, ज्यात ती थेट तिसऱ्या मजल्यावरच येते.” तो म्हणाला, “ते मला माहीत नाही.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अशा वेळी पाहुण्याने वही चाळावी.

मग मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि ०४:०० पासून नुसता आवाज लावला. किल्ल्या वाजल्या तसे मुलीने डोळे उघडले. दिग्दर्शकाला पुन्हा ऐकवावं लागलं.

तो अपघात होता. नटीने स्वतःचीच बॅग वापरली होती आणि आत तिच्या स्वतःच्या घराच्या किल्ल्या होत्या. मुलीने लगेच टाइमलाइन उघडून पाहिलं: आवाज नटीच्या कपड्याला लावलेल्या लॅपल माइकवर ठळक होता, बूमच्या ट्रॅकवर जेमतेम. म्हणजे बूमचा ट्रॅक घेतला असता तर तो जवळपास नाहीसा करता आला असता. “काढते मी,” ती म्हणाली. चूक सापडली की संकलकाचा हात आधी तिकडेच जातो. मी म्हटलं, काढ, पण त्याआधी तो मोठा करून पुढची दहा मिनिटं बघू या का? पियानो बंद करून.

पाहताना मी पडद्याकडे कमी आणि त्या दोघांकडे जास्त पाहिलं. रेडिओच्या गप्पांमध्ये, जिथे आधी दिग्दर्शक पाय हलवत होता, तिथे तो स्थिर होता.

संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता आणि मग त्याने जो प्रश्न विचारला तो रास्त होता: “आधीच कळलं तर शेवटी काय उरणार?” मी म्हटलं, दार उघडणं उरतं. आत्ता शेवटी आपल्याला एक माहिती मिळते आणि त्या नादात ती घरात पाऊल टाकते ते पाहायचंच राहतं. किल्लीचं नवल वाटेपर्यंत चित्रपट संपलेला असतो. आधी कळलं तर शेवटच्या मिनिटात मी किल्लीकडे पाहणार नाही, तिच्याकडे पाहीन. पण हे माझं झालं. धक्का हवा असेल तर मधला सगळा भाग वेगळ्या आधारावर उभा करावा लागेल, आणि तोही रस्ता आहे. त्याला पटलं नव्हतं. वाद बराच वेळ चालला, आणि त्यातला चांगला भाग त्या दोघांमध्येच झाला.

खरा शोध संकलक मुलीने लावला, आणि तो माझ्या वहीत कुठेच नव्हता. वाद चालू असताना ती रशेस चाळत होती. आजोबांच्या एका टेकच्या सुरुवातीला, क्लॅप बाहेर गेल्यावर आणि ‘ॲक्शन’ म्हणायच्या आधी, नट खाली जमिनीवर आपली उभं राहायची खूण शोधतो. एक क्षणभर नजर खाली जाते, थांबते, वर येते. तिने तो तुकडा उचलला आणि किल्ल्यांच्या आवाजानंतर लावला.

आजोबांना कळलं होतं.

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगवेगळे शॉट जोडले आणि प्रेक्षकांना त्यात वेगवेगळे भाव दिसले, हा किस्सा संकलनाच्या पहिल्या धड्यात सगळ्यांना सांगतात. मुलं तो परीक्षेत लिहितात आणि विसरतात. इथे एक म्हातारा नट खडूची खूण शोधत होता, आणि पुढची सगळी गप्पा त्या दीड सेकंदाने बदलली. आता तो बडबड्या शेजारी राहिला नाही. मुलीकडे किल्ली आहे हे माहीत असून तो तिच्यासाठी वेळ काढतोय. किल्लीवाल्याचा प्रश्न तो उत्तर माहीत असून विचारतो. इतकंच काय, रेडिओची तार मुद्दाम सैल ठेवणारा माणूस हेच करणार, ही ओळ पटकथेत आधीपासून होती आणि लिहिणाऱ्यालाही दिसली नव्हती. दिग्दर्शक म्हणाला, “हे मी लिहिलेलं नाही.” पण हसत होता.

लेखी टिपण मी भेटीनंतर पाठवते, एका पानाचं. वहीतल्या सगळ्या नोंदी पाठवल्या तर विद्यार्थी सोप्या नोंदी आधी उरकतो: पट्टा सुधारतो, फेड आउट चार फ्रेमने वाढवतो, आणि कट दुरुस्त केल्याचं समाधान मिळवतो. म्हणून वर मोठे मुद्दे: किल्ली प्रेक्षकाला कधी कळावी हे ठरवा आणि त्याप्रमाणे मधला भाग पाहा, गप्पांमध्ये ऐकणाऱ्याचा चेहरा शोधा, पियानो काढा. जिन्याचा शॉट त्याखाली. रेषा, पट्टा, बूम हे सगळं शेवटी, ‘जमल्यास’ या मथळ्याखाली. रंग, शीर्षकाचा फाँट, आवाजाची पातळी यांबद्दल एक शब्द नाही. पिक्चर लॉक होण्याआधी त्यावर बोलणं म्हणजे भिंत पाडायची की नाही ते ठरायच्या आधी रंगाचे डबे उघडणं, आणि मुलांना तेवढंच निमित्त पुरतं.

जे चांगलं आहे तेही मी टाइमकोडसकट लिहिते. ‘अभिनय छान’ या शेऱ्याचा संकलकाला काही उपयोग नसतो. ‘०९:०० ते ०९:०८, अंधारातली शांतता, हात लावू नका’ याचा असतो. नाहीतर पुढच्या कटमध्ये लांबी कमी करण्याच्या भरात पहिला बळी नेमका त्याचाच जातो.

आणि तसंच झालं. पुढचा कट आला तो श्रेयनामावलीसकट १४ मिनिटं ३५ सेकंदांचा. मुलगी थेट तिसऱ्या मजल्यावर येत होती, पियानो गेला होता, रेडिओची गप्पा जवळजवळ तितकीच लांब होती आणि क्षणभरही लांब वाटत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर आजोबांचा आवाज चालू होता. आजोबांचा पट्टा चुकलेला तो टेकही परत आला होता; म्हणजे पट्टा मुलीचा, टेक आजोबांचा. मात्र अंधारातल्या आठ सेकंदांचे तीन झाले होते. आणि किल्ल्यांच्या जागी आता गर्दी झाली होती: खुळखुळाट, मग बॅगेचा क्लोजअप, मग आजोबांची नजर, मग मुलीचा दचकलेला चेहरा, वर एक खोल घुमणारा आवाज. प्रेक्षकाला कळलं नाही तर, ही भीती प्रत्येक कटमध्ये दिसत होती.

अशा वेळी माझं मत उपयोगाचं नसतं, कारण मला उत्तर माहीत आहे. मी त्यांना सुचवलं की क्लोजअप असलेला आणि नसलेला, असे दोन कट दोन वेगळ्या नवख्या प्रेक्षकांना दाखवा आणि पुढे एकच प्रश्न विचारा: ती घरात का जात नाहीये? ‘आवडला का’ असं विचारायचं नाही; ओळखीचे लोक त्याला हो म्हणतात. क्लोजअप नसलेला कट पाहणाऱ्याने सांगितलं, किल्ली आहे तिच्याकडे, जायचं नाहीये तिला. आणि आजोबांना माहितीये. एवढं पुरे होतं. क्लोजअप निघाला, घुमणारा आवाज निघाला, दचकलेला चेहरा निघाला. खुळखुळाट आणि नजर राहिली. अंधाराचे आठ सेकंद परत आले, कारण निघालेल्या शॉट्सनी जागा करून दिली होती.

रूम टोनसाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने टेकांच्या आधीमागची शांतता गोळा करून एक पट्टी तयार केली. आजोबा डबिंगला येऊन एकच ओळ बोलून गेले, पाठमोऱ्या शॉटसाठी: “तुझ्या आईचाच तो रेडिओ.”

शेवटच्या शॉटवर मात्र आमचं जमलेलं नाही. दार उघडतं, ती आत पाऊल टाकते, आणि मी म्हणते पाऊल टेकायच्या आत कट करा. पंचवीस फ्रेमच्या हिशेबात बारा फ्रेम, जेमतेम अर्धा सेकंद. दिग्दर्शक म्हणतो पाऊल टेकलेलं दिसलंच पाहिजे, वाटल्यास त्यापुढेही थोडं. संकलक मुलगी माझ्या बाजूने आहे असं मला वाटतं, पण ती तसं त्याच्यासमोर म्हणत नाही. पिक्चर लॉक त्याच्या सहीने व्हायचंय.